जुना प्रकल्प जँगो ३.२ वर आणि नवा ५.२ वर: एकाच लॅपटॉपवर एन्व्हायर्नमेंट वेगळे कसे ठेवावे?

उद्यमनगर_डेस्क यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीच्या कार्यालयासाठी तयार झालेली एक छोटी वेब प्रणाली मी सांभाळतो. ऑर्डरी, पॅटर्नची नोंद, कास्टिंगचे वजन आणि डिस्पॅच एवढेच तिचे काम आहे. ती जँगो (पायथन भाषेत वेब प्रणाली लिहिण्याची चौकट) ३.२ वर लिहिलेली असून उबुंटू २२.०४ च्या संगणकावर, उबुंटूसोबतच येणाऱ्या पायथन ३.१० मध्ये थेट सर्व पॅकेजेस टाकून चालवली जाते. माझ्या हाती आली तेव्हाच तिची मांडणी अशी होती.

आता शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानाचे नवे काम आले आहे. सौद्यातील रव्यांची संख्या, वजन आणि दर यांची नोंद ठेवायची, त्यावरून शेतकऱ्याची हिशोबपट्टी तयार करायची आणि ती मराठीत पीडीएफ स्वरूपात छापायची, असे त्याचे स्वरूप आहे. हे काम जँगो ५.२ वर करण्याचे ठरवले आहे, कारण ती दीर्घ मुदतीच्या पाठिंब्याची आवृत्ती आहे. यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे आणि पुढे फाउंड्रीच्या प्रकल्पातील दुरुस्त्याही त्याच लॅपटॉपवर करायच्या आहेत.

या लॅपटॉपवर पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) जँगो बसवण्याची कमांड दिली, तेव्हा ‘हे पायथन बाहेरून व्यवस्थापित आहे’ अशा अर्थाचा संदेश आला आणि बसवणी थांबली. त्याच संदेशाच्या शेवटी ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ नावाचा पर्याय सुचवलेला आहे. तो पर्याय देऊन पुढे जावे, असे एका सहकाऱ्याचे मत आहे. प्रत्येक प्रकल्पाला वेगळे एन्व्हायर्नमेंट (त्याच्या पॅकेजेसची स्वतंत्र जागा) केले की जागा आणि इंटरनेटचा डेटा दोन्ही वाया जातात, असे त्यांना वाटते. दुसऱ्या एका परिचितांनी मात्र थेट डॉकर (प्रणाली तिच्या सर्व गरजांसह वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) वापरण्याचा सल्ला दिला आहे.

स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट केल्याने नेमके काय वेगळे होते आणि काय वेगळे होत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. नव्या कामाची एकही ओळ लिहिण्यापूर्वी ते करावे, की काम आकाराला आल्यावर केले तरी चालते? उत्तर देताना कारणेही सांगावीत, ही विनंती.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली यांचे उत्तर

उबुंटूने नकार का दिला, येथून सुरुवात करू, कारण आपल्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

उबुंटूसोबत आलेला पायथन हा मुळात उबुंटूच्या स्वतःच्या कामासाठी असतो. फायरवॉल सांभाळणारे यूएफडब्ल्यू, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवणारे अनअटेंडेड अपग्रेड्स, नवे सॉफ्टवेअर भांडार जोडणारी कमांड ही सगळी साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि ती याच पायथनवर चालतात. त्यांना लागणारी पॅकेजेस ॲप्ट हे उबुंटूचे साधन बसवते. आपण सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून पिपने त्याच पायथनमध्ये एखाद्या पॅकेजची दुसरी आवृत्ती बसवली, तर ती पायथनच्या शोधयादीत ॲप्टच्या प्रतीच्या आधी येते आणि उबुंटूचे साधन नकळत आपण बसवलेली आवृत्ती उचलते. ॲप्टला पिपने काय केले ते ठाऊक नसते आणि पिपला ॲप्टचे. हा घोळ थांबवण्यासाठी पीईपी ६६८ हा पायथनमधील सुधारणेचा प्रस्ताव आला आणि २०२३ मधील डेबियन १२ व उबुंटू २३.०४ यांपासून तो प्रत्यक्षात लागू झाला. आपल्या सहकाऱ्यांनी सुचवलेल्या पर्यायाचे नावच ‘सिस्टीमची पॅकेजेस मोडा’ असे आहे. तो बनवणाऱ्यांनी यापेक्षा स्पष्ट शब्दांत काय सांगायचे होते, हे मला कळत नाही.

आता वेगळे काय होते ते पाहू. एका पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती नांदू शकते. तेथे जँगो ५.२ बसवले की पिप आधी ३.२ काढून टाकते. फाउंड्रीच्या जुन्या प्रकल्पात पत्ते जुळवण्यासाठी ‘यूआरएल’ हे जुने फंक्शन किंवा भाषांतरासाठी ‘यूगेटटेक्स्ट’ वापरलेले असण्याची शक्यता बरीच आहे. ही दोन्ही जँगो ४.० मध्ये काढून टाकली गेली. म्हणजे नवे काम सुरू करण्याच्या ओघात दिलेल्या एका कमांडने जुना प्रकल्प सुरूच होईनासा होईल आणि त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये कोणताही बदल न झाल्यामुळे कारण शोधणेही अवघड जाईल.

व्हेन्व हे एन्व्हायर्नमेंट तयार करणारे पायथनचे साधन यावर जो उपाय करते तो अतिशय साधा आहे. ते एक फोल्डर तयार करते. त्यात पायथनची पूर्ण प्रत नसते, तर मूळ पायथनकडे नेणारा दुवा असतो, एक रिकामे साइट-पॅकेजेस फोल्डर असते आणि ‘पायव्हेन्व डॉट सीएफजी’ नावाची चार-पाच ओळींची फाईल असते. पायथन सुरू होताना ही फाईल आपल्या शेजारी किंवा एक पायरी वर आहे का ते पाहतो आणि ती सापडली की पॅकेजेस त्या फोल्डरमधून घेतो. प्रमाणित लायब्ररी मात्र मूळ पायथनचीच राहते. याहून अधिक काही घडत नाही. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह हे साधन आणले. पुढे ही सोय पीईपी ४०५ नुसार २०१२ च्या पायथन ३.३ पासून भाषेतच समाविष्ट झाली. डेबियन आणि उबुंटूवर मात्र तिचे पॅकेज ॲप्टने वेगळे बसवावे लागते. तसे केले नसेल, तर एन्व्हायर्नमेंट तयार करताना एन्शुअरपिप (आत पिप बसवणारा भाग) उपलब्ध नसल्याची तक्रार येते आणि नवीन माणूस तेथेच अडतो.

‘ॲक्टिव्हेट’ करण्याविषयीही बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. ती कमांड फक्त त्या टर्मिनलपुरती शोधवाटांच्या यादीत एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर पुढे आणते, म्हणजे नुसते ‘पायथन’ लिहिले तरी आतला पायथन चालतो. ॲक्टिव्हेट न करता आतल्या पायथनचा पूर्ण पत्ता दिला तरी परिणाम अगदी तोच होतो. पॅकेज बसवताना नुसते ‘पिप’ म्हणण्याऐवजी ‘पायथन’ लिहून ‘एम’ पर्यायाने पिप चालवण्याची सवय लावावी, कारण मग कोणत्या पायथनमध्ये बसवणी होते आहे याबद्दल शंका उरत नाही.

एका गोष्टीकडे आपण आत्ताच लक्ष द्यावे. व्हेन्व पॅकेजेस वेगळी करते, पायथनची आवृत्ती वेगळी करत नाही; ज्या पायथनने ते तयार केले, तोच पायथन आत मिळतो. उबुंटू २४.०४ वर पायथन ३.१२ आहे आणि जँगो ३.२ अधिकृतपणे पायथन ३.१० पर्यंतच चालते. ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे जुने मोड्यूल काढले गेले आहे आणि जँगो ३.२ त्यावर अवलंबून आहे. त्यामुळे फाउंड्रीच्या प्रकल्पासाठी लॅपटॉपवर पायथन ३.१० वेगळा आणावा लागेल. पायएन्व्ह या साधनाने तो स्रोतावरून (मूळ कोडवरून) बांधता येतो, किंवा यूव्ही या साधनाने तयार स्वरूपात उतरवता येतो. त्या ३.१० मधून जुन्या प्रकल्पाचे एन्व्हायर्नमेंट करावे. नव्या प्रकल्पासाठी ३.१२ चालेल, कारण जँगो ५.२ ला पायथन ३.१० किंवा त्यापुढील आवृत्ती लागते.

---

गोकुळ_शिरगाव_एमआयडीसी यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे, तरीही माझ्या मते व्हेन्वच्या फोल्डरला आपण सगळेच गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो. आपण फाउंड्रीत काम करता म्हणून त्याच भाषेत सांगतो: रेतीचा मोल्ड प्रत्येक कास्टिंगनंतर फोडला जातो, जपून ठेवायचा असतो तो पॅटर्न, म्हणजे मोल्ड घडवणारा नमुना. एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर हा मोल्ड आहे आणि रिक्वायरमेंट्स फाईल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, हा पॅटर्न आहे. फोल्डर केव्हाही पुसून टाकता आले पाहिजे आणि त्या फाईलवरून तेवढ्याच वेळा पुन्हा उभे करता आले पाहिजे.

आपण ‘आधी की नंतर’ असे विचारले आहे, त्याचे उत्तर यातून मिळते. काम सर्वसाधारण पायथनमध्ये सुरू केले आणि काही महिन्यांनी पिप फ्रीझ (बसलेली पॅकेजेस दाखवणारी कमांड) करून यादी काढली, तर त्या पायथनमध्ये जे जे काही बसलेले असेल ते सर्व यादीत येते: कधीतरी करून पाहिलेले एक्सेलचे पॅकेज, दुसऱ्या प्रकल्पाचा डेटाबेस ड्रायव्हर, उबुंटूची स्वतःची पॅकेजेस. त्यातले आपल्या प्रकल्पाला खरोखर काय लागते, हे नंतर एकेक इम्पोर्ट तपासून ठरवावे लागते. रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पहिल्या दिवशी सुरुवात केली, तर जे आपण मागितले नाही ते तेथे नसतेच आणि एखादे पॅकेज यादीत लिहायचे राहिले तर ते दुसऱ्या संगणकावर लगेच उघडे पडते.

यादीसुद्धा दोन प्रकारची ठेवावी, असा माझा आग्रह आहे. एकीत आपण स्वतः निवडलेली पाच-सहा पॅकेजेस असावीत. दुसरीत त्यांच्यामागून आलेल्या सर्व पॅकेजेसच्या अचूक आवृत्त्या असाव्यात आणि ती हाताने लिहू नये. पिप-टूल्स पहिल्या यादीवरून दुसरी तयार करून देते. पोएट्री आणि यूव्ही हेच काम लॉक फाईलमार्फत करतात. नुसते फ्रीझ करून मिळालेल्या सलग यादीत आपली निवड कोणती आणि मागून आलेले कोणते, हे काही दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही. मग एखादे पॅकेज काढायचे झाले तर त्याचे शेपूट तसेच राहते.

फोल्डर गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकू नये. पायथन ३.१३ पासून व्हेन्व स्वतःच आत एक गिटइग्नोर (गिटने काय वगळावे हे सांगणारी) फाईल ठेवते, आपल्याकडे ३.१२ असल्याने ती नोंद आपल्यालाच करावी लागेल. फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवू नये आणि पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेऊही नये. आतल्या लहान लहान स्क्रिप्टांच्या पहिल्याच ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो, त्यामुळे जागा बदलली की त्या जुन्याच पत्त्यावर पायथन शोधत राहतात. नव्या जागी ते नव्याने करावे.

जागा आणि डेटा यांबद्दलचा आक्षेप पूर्णपणे चुकीचा नाही, पण बराच जुना आहे. पिप उतरवलेल्या फाईली स्वतःच्या कॅशेमध्ये (साठवणीत) ठेवते, त्यामुळे तेच पॅकेज त्याच आवृत्तीत दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवताना सहसा पुन्हा उतरवावे लागत नाही. डिस्कवर मात्र प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये वेगळी प्रत तयार होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले यूव्ही लिनक्सवर कॅशेतील फाईलीला हार्डलिंक (त्याच फाईलीला दुसरे नाव) देते, म्हणजे कॅशे आणि एन्व्हायर्नमेंट एकाच डिस्क विभागावर असतील तर ती दुसरी प्रतही वाचते. जँगोच्या साध्या प्रकल्पात हा हिशोब करत बसावा इतकी जागा मुळात जातच नाही. मशीन लर्निंगची अवजड पॅकेजेस असती, तर गोष्ट वेगळी होती.

---

शाहूपुरी_बॅकएंड यांचे उत्तर

डॉकरच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. आपल्या नव्या कामात ‘मराठीत पीडीएफ’ हे शब्द वाचले आणि वाटले की खरी अडचण तेथे येणार आहे.

वीझीप्रिंटसारखे पॅकेज एचटीएमएलवरून पीडीएफ करते आणि मराठीतील जोडाक्षरे व वेलांट्या व्यवस्थित बसवते. मात्र अक्षरांची ही जुळणी ते स्वतः करत नाही, पँगो या लायब्ररीकडून करून घेते आणि पँगो हे पिपने येणारे पॅकेज नसून ऑपरेटिंग सिस्टीमवर बसवायची वस्तू आहे. देवनागरी फॉन्टचेही तसेच आहे. उबुंटूच्या डेस्कटॉपवर या गोष्टी बहुधा आधीपासून असतात, त्यामुळे व्हेन्व अगदी चोख करूनही आपल्याला त्यांची जाणीव होत नाही. मग प्रकल्प एखाद्या नुकत्याच घेतलेल्या, किमान सॉफ्टवेअर असलेल्या सर्व्हरवर जातो, रिक्वायरमेंट्स फाईलमधील सर्व काही बिनतक्रार बसते आणि हिशोबपट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन छापले जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सायकोपीजी-२ आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा मायएसक्यूएलक्लायंट हे ड्रायव्हरही स्रोतावरून बांधताना सिस्टीमवरील सी भाषेच्या हेडर फाईली मागतात, तोही याच जातीचा प्रकार. पायथनच्या पॅकेजेसची हद्द जेथे संपते, तेथे व्हेन्वची हद्दही संपते.

डॉकर ती हद्द पुढे नेते. २०१३ मध्ये खुले झालेले हे साधन लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील) नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयींवर उभे आहे. कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकरच्या वेगळ्या कप्प्यात, फाईल प्रणाली, लायब्ररी, फॉन्ट आणि पायथन हे सगळे वेगळे असते. कर्नल मात्र यजमान संगणकाचाच असतो. डॉकरफाईलमध्ये (कंटेनर कसा बांधायचा याच्या सूचनांत) ‘पँगो बसवा, देवनागरी फॉन्ट बसवा’ असे लिहिले की ते ज्ञान एखाद्या माणसाच्या डोक्यात न राहता प्रकल्पात राहते. हे जादूने होत नाही, हेही तितकेच खरे: पायथनच्या स्लिम प्रतिमेत (कंटेनरच्या किमान आकाराच्या तयार साच्यात) फॉन्ट नसतात आणि ते लिहायचे राहिले तर कंटेनरमध्येही तेच चौकोन उमटतात. फरक एवढाच की तो दोष आपल्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी दिसतो.

तरीही आपण एकट्याने काम करणार असाल, तर माझा सल्ला असा आहे की रोजचे लिखाण व्हेन्वमध्ये करावे आणि पट्टी छापण्याचा भाग तयार होताच तो एकदा कंटेनरमध्ये चालवून पाहावा. डॉकर शिकणे, प्रतिमा बांधणे, आतल्या फाईलींची मालकी व परवानग्या सांभाळणे यात सुरुवातीचे कितीतरी तास जातात आणि गूळ अडत्याला पहिली पट्टी हवी असते ती हंगाम सुरू होण्यापूर्वी. डेटाबेस तेवढा कंटेनरमध्ये ठेवणे मात्र आतापासूनच सोयीचे ठरेल. दोन प्रकल्पांना पोस्टग्रेसच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागल्या, तरी लॅपटॉपवर काही बसवावे किंवा काढावे लागत नाही.

---

उद्यमनगर_डेस्क (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. फॉन्टचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. दोन्ही प्रकल्पांची एन्व्हायर्नमेंट आपण सांगितल्याप्रमाणे वेगळ्या पायथनवर तयार केली आहेत.

दोन गोष्टी अजून स्पष्ट व्हायच्या आहेत. अडत दुकानातील संगणक विंडोजचा आहे आणि प्रणाली त्याच संगणकावर, दुकानातल्या दुकानात चालावी अशी मालकांची इच्छा आहे. तेथे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून असते. शिवाय दिवसभराच्या सौद्यांची बेरीज रात्री आपोआप व्हावी, असे त्यांनी सांगितले आहे. या दोन्ही ठिकाणी एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट कोणी करायचे?

---

लक्ष्मीपुरी_सपोर्ट यांचे उत्तर

कोणीही करायचे नाही. वर राजारामपुरीकरांनी सांगितलेच आहे की ॲक्टिव्हेट ही टर्मिनलवर बसलेल्या माणसाची सोय आहे. आपोआप चालणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एन्व्हायर्नमेंटमधील पायथनचा पूर्ण पत्ता लिहावा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये प्रोग्रॅमच्या रकान्यात एन्व्हायर्नमेंटच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधील पायथनचा पत्ता द्यावा, आर्ग्युमेंटच्या रकान्यात जँगो प्रकल्पाची मॅनेज फाईल आणि आपल्या कमांडचे नाव द्यावे आणि ‘स्टार्ट इन’ मध्ये प्रकल्पाचे फोल्डर द्यावे. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर सापेक्ष पत्त्याने उघडल्या जाणाऱ्या फाईली सापडत नाहीत. लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणारे क्रॉन किंवा सिस्टीमडी वापरताना नियम तोच असतो, फक्त फोल्डरचे नाव ‘बिन’ असते.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेटची स्क्रिप्ट चालवू पाहिली, तर बहुधा सुरक्षा धोरण ती अडवते आणि मग लोक इंटरनेटवर शोधून ते धोरण सरसकट सैल करतात. पूर्ण पत्ता वापरला की त्याला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

हॉटस्पॉटबद्दल: आवश्यक पॅकेजेस पिपच्या डाउनलोड कमांडने आधी एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यावीत आणि दुकानात ती इंडेक्सशिवाय (इंटरनेटवरील पॅकेज यादी न वापरता), त्या फोल्डरमधूनच बसवावीत. उतरवण्याचे काम मात्र शक्यतो विंडोजवर आणि दुकानात असणार आहे त्याच पायथनने करावे, कारण सी भाषेतला भाग असलेल्या पॅकेजेसच्या व्हील (आधीच बांधून तयार असलेल्या) फाईली ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती यांनुसार वेगळ्या असतात; उबुंटूवर उतरवलेल्या तेथे चालणार नाहीत. आपल्या यादीत गनिकॉर्न (प्रणाली चालवणारा वेब सर्व्हर) असेल तर ते बसेल, पण विंडोजवर सुरू होणार नाही. त्याऐवजी वेट्रेस घ्यावे. आणि वीझीप्रिंटसाठी पँगो विंडोजवर एमएसवायएस-२ (लिनक्ससारखी साधने देणारा संच) मधून आणावे लागते, ते काम दुकानात जाण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या विंडोज संगणकावर करून पाहावे.

खरे तर मी आपल्या जागी असतो, तर मालकांना एक छोटा लिनक्स संगणक दुकानात ठेवण्यास सुचवले असते. विंडोजच्या संगणकावरून ब्राउझरमध्ये प्रणाली तशीच उघडता येते आणि वरच्या परिच्छेदातील निम्म्या गोष्टी कराव्याच लागत नाहीत. डॉकर डेस्कटॉपही विंडोजवर सामान्यतः डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) मार्फत चालते आणि दुकानातल्या कमी रॅमच्या जुन्या संगणकावर ते लादणे मला योग्य वाटत नाही.

---

विद्यानगर_वाचक यांचे उत्तर

एक पुरवणी जोडतो. एन्व्हायर्नमेंट ‘आयसोलेटेड’ आहे असे म्हटल्याने विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की आतले पॅकेज बाहेर काही करू शकत नाही. व्हेन्व ही सुरक्षेची भिंत नाही. त्यात बसवलेल्या पॅकेजचा कोड आपल्याच वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो, आपल्या होम फोल्डरमधील कळा आणि पासवर्ड वाचू शकतो आणि व्हीलऐवजी स्रोतावरून बसवणी होत असेल तर तो बसवतानाच चालतो. नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून ठेवलेली फसवी पॅकेजेस पायपीआय या पायथन पॅकेजेसच्या भांडारावर वेळोवेळी सापडलेली आहेत. तेव्हा नाव नीट वाचून टंकित करावे.

त्याच कारणाने दोन्ही प्रकल्पांची सीक्रेट की, डेटाबेसचा पासवर्ड आणि डीबगची स्थिती कोडमध्ये न लिहिता प्रत्येक प्रकल्पाच्या वेगळ्या पर्यावरण चलांत (ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅमला पुरवते त्या मूल्यांत) ठेवावी. ही चले व्हेन्व सांभाळत नाही. ॲक्टिव्हेट केले म्हणून ती आपोआप भरली जातील, अशी अपेक्षा करू नये.

पुढे फ्रंटएंडसाठी (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागासाठी) नोड हे जावास्क्रिप्ट चालवणारे साधन लागले, तर तेथे ही चर्चा थोडी सोपी होते. नोडचे एनपीएम हे पॅकेज बसवणारे साधन मुळातच पॅकेजेस प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये बसवते, पॅकेज-लॉक फाईल अचूक आवृत्त्या नोंदवते आणि एनपीएमची सीआय कमांड त्या नोंदीबाहेर जात नाही. नोडची स्वतःची आवृत्ती तेवढी एनव्हीएम या साधनाने ठरवून ठेवावी लागते.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली यांचे पुढील उत्तर

फाउंड्रीच्या प्रकल्पाविषयी एक सुचवायचे राहिले. जँगो ३.२ चा पाठिंबा एप्रिल २०२४ मध्ये संपला आहे, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही आता येत नाहीत. आज ना उद्या तो प्रकल्प पुढे न्यावा लागेल आणि त्यासाठी एकाच प्रकल्पाला एकाहून अधिक एन्व्हायर्नमेंट ठेवता येतात, याचा लाभ घ्यावा. एकात आजचे ३.२ तसेच राहू द्यावे, म्हणजे कार्यालयातून तातडीची दुरुस्ती मागितली तर ती लगेच करता येईल. दुसऱ्यात गिटच्या वेगळ्या शाखेवर पुढची आवृत्ती बसवून चाचण्या चालवाव्यात.

थेट ५.२ वर उडी न घेता टप्प्याटप्प्याने जावे. प्रत्येक टप्प्यावर पायथनला सर्व इशारे दाखवण्याचा पर्याय देऊन चाचण्या चालवल्या, की पुढच्या आवृत्तीत काय काढले जाणार आहे ते आधीच कळते. येथे पायथन ३.१० कामाला येतो: जँगो ३.२ पायथन ३.६ ते ३.१० वर, ४.२ हे ३.८ ते ३.१२ वर आणि ५.२ हे ३.१० पासून पुढे चालते. तिन्हींना अधिकृतपणे चालणारी आवृत्ती ३.१० हीच आहे. त्यामुळे ५.२ पर्यंत पोहोचेपर्यंत पायथन बदलू नये, फक्त जँगो बदलत जावे. एखादी चाचणी फसली तर ती जँगोमुळे फसली की पायथनमुळे, हा प्रश्न मध्ये येणार नाही. ५.२ वर सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या की त्याच यादीवरून पायथन ३.१२ चे नवे एन्व्हायर्नमेंट करावे आणि ३.१० चे फोल्डर पुसून टाकावे. हे फार लांबवू नये, कारण पायथन ३.१० चा पाठिंबाही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.